कुठली छत्री? ग्वाल्हेरमधले चार दिवस

पुण्यात आमचं घर लष्करात आणि आत्याचं ग्वाल्हेरच्या लष्करात. पुण्याचं लष्कर इंग्रजांच्या छावणीचं. इथलं १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्यावरून. फेब्रुवारीत आत्याकडे राहायला गेले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी म्हटलं, "उद्या शिंद्यांची छत्री, म्हणजे त्यांच्या समाधीची वास्तू, बघू या." ती म्हणाली, "कुठली गं? इथली की शिवपुरीची?" माझ्या डोळ्यांसमोर तर पुण्यातल्या वानवडीची होती. तेव्हाच ठरवलं, की या खेपेला सारख्या नावाच्या जागा नीट लावून बघायच्या.

सुरुवात किल्ल्यापासून. किल्ल्यावर जायला दोन वाटा. पश्चिमेला उरवाई दरवाजा, तिथून गाडी थेट वर जाते. पूर्वेला ग्वाल्हेर दरवाजा, तिथून पायीच चढावं लागतं. चढ दमवणारा आहे, तरी माझा आग्रह पायवाटेचाच, कारण चतुर्भुज मंदिर याच वाटेवर आहे आणि गाडीने गेलेल्यांचं ते हमखास राहून जातं. मी आधी ओरछ्याचं चतुर्भुज पाहिलं होतं, लांबून दिसणाऱ्या उंच शिखरांचं. त्यामुळे इथेही तसंच काही शोधत होते आणि पुढे निघून गेले. परत उतरून आले तर खडकात कोरलेलं, खोलीएवढं देऊळ! पण आत इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात नोंद अशी: देवासाठी दिलेली फुलबाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि रोजच्या ५० माळा. या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल कोरलेलं आहे. साडेअकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी फुलांचा हिशेब लिहिला, तो आपल्याला आजही वाचता येतो, या विचाराने मी तिथे बराच वेळ बसून राहिले. दार लावलेलं असेल तर आसपासच्या रखवालदाराला विचारा. शून्य लहान आहे, मोबाइलचा टॉर्च लागतो.

पायथ्याचा गुजरी महाल राजा मानसिंह तोमराने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधला, असं सांगतात. हरियाणात हिसारलाही गुजरी महाल आहे, तो फिरोजशहा तुघलकाचा, म्हणजे याहून शतकभर जुना. कथाही तशीच, राजा आणि गुजर मुलगी. इथल्या महालात आता संग्रहालय आहे आणि ग्यारसपूरची शालभंजिका ही कोरीव स्त्रीमूर्ती त्यातच. सोमवारी बंद असतं, त्या दिवशी किल्ला ठरवू नका.

वर सासबहू मंदिर. उदयपूरजवळ नागद्यालाही याच नावाची जोडी आहे. दोन्हीकडे सासू-सुनेचा संबंध नाही. विष्णूच्या सहस्रबाहू नावाचा तो बोलण्यातला अपभ्रंश मानतात. ग्वाल्हेरचं थोरलं देऊळ कच्छपघात घराण्यातल्या राजा महीपालाच्या काळात, १०९३ मध्ये पुरं झालं. उतरताना मात्र उरवाईकडून या, म्हणजे कातळातल्या भव्य जैन मूर्तीही होतात.

आता छत्र्या. लष्करातली छत्री आत्याच्या घरापासून चालत. वालुकाश्मावरचं कोरीवकाम इतकं बारीक, की भिंतीला हात लावावासा वाटतो (लावू नका). दुसऱ्या दिवशी शिवपुरी, साधारण ११५ किलोमीटर. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात जाऊन येणं होतं. तिथे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे आणि त्यांच्या आई सख्याराजे यांच्या छत्र्या मधल्या कुंडाच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. लेकाची पांढऱ्या संगमरवराची, रंगीत दगडांच्या जडावाची. आत्या तिथे काही न बोलता उभी राहिली.

रिक्षा ठरवताना नुसतं "छत्री" म्हणू नका, "लष्कर की छत्री" म्हणा. जानेवारी टाळा, धुक्याने गाड्या फार उशिरा धावतात.

परतीच्या गाडीत आत्याही बरोबर होती. महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीला वारले आणि त्यांची समाधी तिथेच आहे. साठ वर्षं शिंद्यांच्या शहरात राहून तिने ती पाहिली नव्हती. दौंड सोडल्यावर तिने विचारलं, "तिथे फुलं मिळतील ना गं, की इथूनच घेऊ?"