जीपचे ब्रेक: दीड लिटर ऑईल ओतलं, हवा नव्हतीच

थांबली! काल पहाटे शेताकडच्या रस्त्यावर मोबाईलच्या जीपीएसवर ४० चा वेग धरला, बाभळीपाशी पाय दाबला आणि जीप १७ पावलांत उभी राहिली. तीन आठवड्यांपूर्वी याच बाभळीपासून ३० पावलं लागली होती. आणि ती ३० पावलं सगळं सामान नवंकोरं असताना, हे विशेष.

माझी मागची पोस्ट ज्यांच्या लक्षात आहे त्यांना माहीतच आहे: माझी ६८ सालची हाय-हूड (उंच बॉनेटची) जीप, तिचं मूळचं हरिकेन इंजिन अजून शाबूत, चारही चाकांना ९ इंची ड्रम. यंदा ब्रेकचं सगळं एकदाच करून टाकायचं म्हणून नवा मास्टर (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा सिलिंडर), चारही व्हील सिलिंडर (त्या दाबाने शू ड्रमला टेकवणारे), तिन्ही होज (रबरी नळ्या) आणि आठही शूंना नवे लायनर (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या) बसवले. ड्रमना कड आली होती, ती उद्यमनगरात हबसकट लेथवर चढवून काढून घेतली. आणि मग मी मोठ्या रुबाबात लिहिलं, "आता फक्त एअर काढायची राहिलीय, रविवारी गाडी रस्त्यावर." ते वाक्य मला परत घ्यायचंय.

जुने ब्रेक भिकार होते, सिलिंडर गळत होते, पण गाडी थांबायची. नवे बसवल्यावर पेडल अर्ध्यावर जायचं, तिथे रबरी चेंडूवर पाय दिल्यासारखं दबायचं, आणि जीप आपली चाललीय निवांत. दुसऱ्यांदा मारला की पेडल थोडं वर यायचं. पहिल्या दिवशी बांधाच्या अलीकडे शेवटी हँडब्रेकवर थांबवली. आपल्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सला जोडलेल्या पेटीच्या) मागे शाफ्टवर आहे, त्यामुळे ब्रेक ऑईल गेलं तरी तो आपल्या जागी शाबूत असतो. चालत्या गाडीत तो ओढू नये हे मलाही कळतं, पण समोर उसाची ट्रॉली होती.

पेडल मऊ म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत हवा. लहानपणापासून हेच ऐकलंय, तेच धरून बसलो. मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं, तिथून सुरुवात. पुतण्या पेडलवर, मी खाली निपलपाशी (हवा सोडायच्या स्क्रूपाशी). "दाब. धर. सोड." एका रविवारात हे किती वेळा म्हणालो असेन देव जाणे. पुतण्या शेवटी एका हातात मोबाईल धरून पाय मारायला लागला. बाटलीत बुडवलेल्या नळीतून एक बुडबुडा येईना. तरी पेडल मऊच. दीड लिटर डॉट ३ ब्रेक ऑईल संपलं, त्यातलं पावशेर तरी फरशीवर आणि थोडं पुढच्या मडगार्डवर. तिथला रंग दुसऱ्या दिवशी साय धरल्यासारखा सुरकुतला. ब्रेक ऑईल सांडलं की लगेच पाणी मारा. मला माहीत होतं, तरी नाही मारलं.

मग संशय मास्टरवर. हा कुरिअरने मागवलेला, खोका चकाचक, आत मात्र भोकांच्या कडांना धातूची बारीक कूस राहिलेली. बसवतानाच मी ती साफ केली होती, तरी मनात किडा राहिलाच. (त्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सर, सगळे असंच वापरतात." त्याच्याकडून पुन्हा काही घेणार नाही. त्यापेक्षा आपल्या गल्लीतला दुकानदार दोनशे रुपये जास्त घेईल, पण बदलून तरी देतो.) पेडलची मोकळी चाल बघितली, बरोबर अर्धा इंच. ती शून्य असती तर मास्टरमधलं परतीचं भोक बंद राहून ब्रेक धरून राहिले असते. इथे उलटाच प्रकार.

तिन्ही होज फडकं गुंडाळून, गोल तोंडाच्या चिमट्याने हलकेच दाबून बंद केले. पेडल दगडासारखं, एका इंचात. म्हणजे मास्टर निर्दोष. हा छोटासा विजय मी चहा पिऊन साजरा केला, कारण मास्टर पुन्हा खोलायचा म्हणजे फ्लोअरखाली पाठीवर झोपून ते काम.

आता उरली चाकं. चारही चाकांचे कॅम (शू बाहेर सरकवायचे बोल्ट) फिरवून शू ड्रमला पार टेकवले, चाक हाताने फिरेना इतके. पेडल वर आलं! झालं, हवा नाहीच, नुसती फट जास्त होती, असं म्हणून मी खूश. इथेच चूक झाली. पेडल वर आलं होतं, पण होज बंद असताना जसं दगड झालं होतं तसं झालं नव्हतं. शेवटच्या अर्ध्या इंचात अजून थोडं लवचिक लागत होतं. पायाला ते कळलं होतं, डोक्याने ऐकलं नाही.

कॅम थोडे मागे घेऊन चाकं मोकळी केली, रस्त्यावर गेलो, पुन्हा २८ पावलं.

मधे एक चूक सापडली ती सांगून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला नको. मागच्या उजव्या चाकात लांब लायनरचा शू मागे आणि आखूड पुढे बसवला होता. आपल्याकडे लांब पट्टी पुढच्या शूला, कारण पुढे जाताना ड्रम त्याच शूला आत ओढून घेतो. दहा मिनिटांत अदलाबदल झाली. फरक पडला एका पावलाचा. तेव्हा वाटलं होतं, हेच ते. कसलं काय!

अँकर पिना (शूची खालची टोकं ज्यांवर बसतात त्या) नीट बघितल्या, दोन्हींवरचे ठिपके समोरासमोर. मग फीलर (फट मोजायच्या पातळ पात्या) घेऊन बसलो. मॅन्युअलमध्ये टाचेला, म्हणजे अँकरकडच्या टोकाला ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि वरच्या टोकाला ८ थाऊ फट दिलीय. मला ती काही केल्या मिळेना. शू मध्यावर ड्रमला घासायला लागला तरी दोन्ही टोकांना १० ची पाती सहज जायची, १२ ची जरा घट्ट. अँकर फिरवून टाच जवळ आणावी तर वरचं टोक लांब पळतं, वरचं आणावं तर टाच लांब. रात्री अकरापर्यंत हा खेळ चालला. वैताग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या दप्तरातला खडू घेतला. पुढच्या डाव्या शूंना आडवा-उभा पांढरा फासला, ड्रम चढवला, पुतण्याला ब्रेक दाबायला लावून चाक थोडं ओढून फिरवलं आणि ड्रम उतरवला. (डाव्या बाजूच्या चाकांचे नट माझ्या जीपला उलट्या आट्यांचे आहेत. सात वर्षं झाली गाडी घेऊन, अजूनही पहिला नट मी आवळतोच.) खडू पुसला गेला होता फक्त मधे. तीन बोटं रुंद पट्टा, बाकी सगळं पांढरं शुभ्र. १० इंच लायनरपैकी दोन इंचांवर माझी जीप थांबत होती.

तो शू तसाच पिशवीत टाकून उद्यमनगरात गेलो, ज्या मामांनी ड्रम कापले होते त्यांच्याकडे. मी म्हटलं, "मामा, लायनर खराब आलेत का?" त्यांनी शू ड्रममध्ये ठेवून उजेडाकडे धरला, दोन्ही टोकांतून उजेड दिसला. म्हणाले, "लायनर ब्येस हाय. ड्रम वाढलाय तुमचा. बापाच्या चपलेत पोराचा पाय, दुसरं काय?"

आतल्या मायक्रोमीटरने मोजलं. पुढचे ड्रम ९.०४० इंच, मागचे ९.०२२ आणि ९.०२५. आधीच्या कुणा मालकाने एकदा कापले असणार, वरून मी हौसेने आणखी साल काढली. नव्या लायनरची गोलाई मात्र ९ इंचांचीच. जुने लायनर वर्षानुवर्षं त्याच ड्रममध्ये झिजून झिजून त्या मापाचे झाले होते, म्हणून जुनं सामान नव्यापेक्षा बरं चालत होतं.

घरी येऊन कागदावर मांडलं. त्रिज्येत २० थाऊचा फरक, लायनर मध्यापासून दोन्हीकडे ६५ अंश. मध्य टेकला की टोकाला साडेअकरा थाऊ फट राहायला हवी. माझ्या फीलरने १० आणि १२ च्या मधलं काहीतरी सांगितलंच होतं! इतका आनंद मला दहावीच्या भूमितीत कधी झाला नव्हता.

आणि ते मऊ पेडल? पाय दाबला की शूचा मध्य आधी टेकतो, मग जोर वाढेल तसा शू वाकून टोकं ड्रमकडे सरकतात. तो वाकतानाचा लवचिकपणा पायाला हुबेहूब हवेसारखा लागतो. दीड लिटर ऑईल मी लोखंडाच्या वाकण्यावर ओतलं.

उपाय म्हणून पहिलं डोक्यात आलं ते घरगुती. ड्रमच्या आत ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि शू आत धरून घासत राहायचं, म्हणजे लायनर ड्रमच्या आकाराचा होईल. अडीच तास घासलं, तोंडाला मास्क, खाली ओलं पोतं. (लायनरची धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि नव्यात काय आहे हे खोक्यावर लिहिलेलं असेलच असं नाही.) पुन्हा खडू लावला. पुन्हा तीन बोटं.

डोकं धरून बसलो. मग व्हर्निअरने पॉलिश पेपर मोजला, अर्धा मिलिमीटर, म्हणजे २० थाऊ. ड्रमच्या दोन्ही बाजूंना २०, एकूण ४०. ९.०४० मधून ४० गेले, राहिले बरोबर ९. अडीच तास घासून मी ९ इंचांचा लायनर ९ इंचांचाच केला होता. ड्रम कमी वाढलेला असेल किंवा कागद पातळ असेल तर ही युक्ती चालते, म्हणून इतरांना जमते. माझं नशीब इतकं अचूक.

लायनर रिबिट करून देणारा म्हणाला, "जाड पट्टी टाकू, हजार रुपये." मामांनी ते उडवून लावलं. कापायचं आहे ते मधलंच, तेही बारा थाऊच्या आत. जाड पट्टी कशाला? कमी पडेल ते कॅम आणि अँकर भरून काढतील. मग त्यांनी बॅकप्लेटच (शू ज्यावर बसतात ती चकती) लेथवर चढवली, दोन्ही शू कॅमने बाहेर सरकवून पक्के केले आणि लायनरवरून हलका कट घेतला, ड्रमपेक्षा व्यासात २० थाऊ कमी ठेवून. "अगदी बरोबर माप करू नगा," म्हणाले, "टोकं आधी टेकली तर ब्रेक कुईकुई करतोय आनि चाक धरतोय. मधलं जरा आधी टेकू दे, बाकीचं रस्ता करतोय." पुढची दोन्ही चाकं झाली, मजुरी सहाशे रुपये. मागच्यांचा फरक त्या २० च्या जवळपासच असल्याने त्यांना हात लावला नाही.

आता खडू तीनचतुर्थांश लायनरवरून पुसला जातो. फीलरला ५ आणि ८ एकदाचे मिळाले, तेही एकाच वेळी. आणि पेडल, ज्याला मी तीन आठवडे शिव्या घातल्या, ते वरच्या वर थांबतं. एअर पुन्हा काढलेली नाही. एक थेंब नाही.

पुढचं काय ते लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की पावसाळ्याआधी पुढे मारुती जिप्सीचे डिस्क ब्रेक टाकायचे. दोघांनी किटचे फोटोही पाठवलेत. पण वरचं सगळं लिहिता लिहिता मत फिरलं. थांबायला हे ड्रम पुरेसे आहेत, भीती दुसरीच आहे. ही सगळी सिंगल लाईन आहे. एक होज फुटला की चारही चाकं गेली, आणि प्रत्येक वेळी उसाच्या ट्रॉलीआधी हँडब्रेक हाताला लागेलच असं नाही. तेव्हा डिस्कचे पैसे टँडम मास्टरमध्ये घालतो, पुढची लाईन वेगळी, मागची वेगळी. फ्लोअरखाली जागा अडचणीची आहे, ब्रॅकेट नवं करावं लागेल. पुठ्ठ्याचं माप आज दुपारी कापलं, चेसिसच्या आडव्या पट्टीला अर्धा इंच अडतंय. ज्यांनी उजव्या हाताच्या गाडीत बसवलंय त्यांनी पुशरॉडची (पेडलपासून मास्टरपर्यंतच्या दांडीची) लांबी किती ठेवली ते सांगा.

पन्हाळ्याचा घाट उतरल्याशिवाय मी या ब्रेकला पास म्हणणार नाही. आणि एक राहिलंच, जोरात दाबला की गाडी हात-दीड हात डावीकडे ओढते. दोन्ही पुढचे लायनर एकाच कटाचे, ड्रम एकाच मापाचे. उजवं चाक कमी धरतंय खरं. काल घरी आल्यावर उजव्या बॅकप्लेटच्या खालच्या कडेला बोट फिरवलं तर काळं, चिकट काहीतरी लागलं. वास ब्रेक ऑईलचा नाही, ग्रीसचा आहे. नकल सील (पुढच्या चाकाच्या सांध्यातलं ग्रीस अडवणारं) गेलं असावं. उद्या उघडतो.