दुभत्या शेळ्यांचा चारा : माझे पहिले वर्ष

बेळगावच्या पश्चिम भागात भात, रताळी आणि बटाटा ही मुख्य पिके आणि गोठा म्हटला की म्हैस, अशी रीत असल्यामुळे घरच्या दुधासाठी शेळ्या आणल्या तेव्हा आमच्याकडे चाऱ्याचा सगळा हिशोब म्हशीचाच होता. तो शेळीला लागू पडतो का, हे ठरवण्याआधी ती खाते कशी ते मी पाहायचे ठरवले. भाताचे पिंजर पुढे टाकले, तर तिने हुंगून सोडून दिले. फणसाची फांदी आढ्याला बांधली, तेव्हा मात्र मान उंचावून, वरच्या ओठाने एकेक पान वेचून तिने काही वेळात नुसती काटकी शिल्लक ठेवली. त्यातलेच जे पान खाली पडून पायाखाली आले, त्याला तिने पुन्हा तोंड लावले नाही. त्यामुळे गव्हाण छातीच्या उंचीला बांधून घेतली आणि पाला जुडी करून टांगू लागले.

प्रमाण ठरवताना पशुवैद्यांनी वजनावरून सुरुवात करायला सांगितली. दुभत्या शेळीला वजनाच्या चार ते पाच टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे चाळीस किलोच्या शेळीला साधारण तीन ते चार किलो हिरवा चारा, अर्धा ते एक किलो सुका चारा आणि वर खुराक. सुक्या चाऱ्यात पिंजरापेक्षा मसूर, हरभरा किंवा तुरीचे भुसकाट कितीतरी सरस, आणि भातानंतर आपल्या शिवारात मसूर होत असल्याने ते सुगीतच भरून ठेवता येते. रताळ्याचे वेलही शेळ्या आवडीने खातात. सुबाभळीचा पाला पौष्टिक खरा, पण त्यातील मिमोसीन या द्रव्यामुळे तो एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये. ज्वारीचे कोवळे फुटवे तर अजिबात नकोत, कारण किराळ (कोवळ्या ज्वारीतले विष) लागून जनावर हातचे जाते.

खुराकासाठी मक्याचा भरडा, शेंगपेंड आणि गव्हाचा कोंडा एकत्र करून त्यात शेकडा दोन भाग क्षारमिश्रण व एक भाग मीठ घालते. शेळीच्या अंगापोटी रोज पाव किलो आणि पुढे दर लिटर दुधामागे साधारण साडेतीनशे ग्रॅम, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. पावसाळ्यात आमच्याकडे पेंडीला बुरशी लवकर धरते. बुरशीचे विष जनावराला बाधतेच, शिवाय दुधातही उतरते, म्हणून मी एकदम पोते न आणता थोडी थोडी पेंड आणते.

सर्वांत जपावे लागते ते चारा बदलताना. शेळीच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव ज्या चाऱ्याला सरावलेले असतात, तो एकाएकी बदलला किंवा धान्य जास्त पडले, की पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि शेळी मलूल होते. म्हणून नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा. आषाढातील कोवळ्या गवताबाबत शेजारच्या काकूंनी मला आधीच बजावले होते, "अगं, पोटात थोडं भुसकाट गेल्याशिवाय बाहेर सोडू नको, आणि ओला पाला वाळवूनच टांग." मी तसेच करते, आणि आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची, लस पावसाळ्याआधी टोचून घेते. रोज सकाळी लेंड्या सुट्या व कोरड्या आहेत का हे पाहिले, की आदल्या दिवशीचा चारा मानवला की नाही ते कळते.

शेळी पाच महिने गाभण असते. त्यातल्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात करडाची वाढ झपाट्याने होते आणि शेळीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते, म्हणून तेव्हा खुराक थोडा थोडा वाढवावा लागतो. व्याल्यावर तासाभरात करडाला चीक पाजायचा आणि शेळीपुढे कोमट पाणी ठेवायचे. दूध देणारी शेळी पाणी भरपूर पिते, पण घाणेरड्या बादलीला तोंड लावत नाही, त्यामुळे बादली रोज घासावी लागते.

आमच्याकडे हिरव्या पाल्याची खरी चणचण मार्च ते मे या काळात भासते. त्यासाठी यंदा बांधावर शेवरी आणि हादगा लावला आहे. उन्हाळ्यात त्यांचा पाला कापायला मिळाला, तर भुसकाटावरचा भार बराच कमी होईल.