मेरी गॅरेटच्या अटी

अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ म्हटलं की सगळे त्याच नावाच्या बाल्टिमोरच्या व्यापाऱ्याबद्दल बोलतात. 1873 मध्ये तो वारला तेव्हा 70 लाख डॉलर ठेवून गेला, निम्मे विद्यापीठाला, निम्मे रुग्णालयाला. 1876 मध्ये विद्यापीठ सुरू झालं, संशोधनाला पहिला मान देणारं. मला मात्र बाल्टिमोरचीच श्रीमंत दानशूर बाई मेरी गॅरेट जास्त जवळची वाटते.

विद्यापीठाचा पैसा रेल्वेच्या शेअर्समध्ये होता. लाभांश आटला आणि 1889 मध्ये रुग्णालय उघडूनही वैद्यकीय महाविद्यालय रखडलं. मेरी आणि तिच्या मैत्रिणींनी 5 लाख डॉलर उभे केले, त्यातला मोठा वाटा तिचा स्वतःचा. पण अट घातली: मुलींना मुलांच्याच निकषांवर प्रवेश. शिवाय आधीची पदवी हवी, फ्रेंच-जर्मन वाचता यायला हवं. किती खमकी बाई! 1893 च्या पहिल्या तुकडीत 3 मुली होत्या. त्याआधी सातच वर्षं आपल्या आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या फिलाडेल्फियात, बायकांच्या वेगळ्या कॉलेजातून.

माझी लेक पुण्यात पीएचडी करते. तिला हे सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "आई, आणि बीए-बीएस्सीच्या मुलींचं काय?"

त्यांना तिथे 1970 पर्यंत थांबावं लागलं.