औषधाची बाटली रिकामी झाली, आता पुढे काय?

घरात कुणाचं दुखणं लांबलं की औषधांच्या बाटल्या किती भराभर साठतात हे ज्याने ते घर सांभाळलंय त्यालाच कळतं. बाबांच्या आजारपणात आमच्याकडे खिडकीत रांगच लागली होती, तपकिरी काचेच्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, ड्रॉपरवाल्या, दाबून फिरवायच्या झाकणाच्या. आणि मला त्या फेकवत नव्हत्या, कारण हातात घेतली की जाणवायचं की एवढीशी वस्तू पण किती विचार करून बनवलीय.

नेटवर यासाठी आयडिया शोधल्या तर बहुतेक ठिकाणी तेच, रंग फासा, सुतळी गुंडाळा, लेस चिकटवा आणि शोकेसमध्ये ठेवा. मला हे खरंच पटत नाही. तपकिरी काचेवर सोनेरी रंग मारला की ती ना धड बाटली राहते ना धड शोभेची वस्तू, आणि चार महिन्यांनी धूळ बसली की जाते कचऱ्यातच. त्यापेक्षा त्या बाटलीला काय जमतं ते बघा ना. एक उजेड अडवते, एक दमट हवा आत येऊ देत नाही, एक थेंब मोजून देते, एक लहान मुलांना सहज उघडत नाही. तो गुण जिथे लागतो ते काम तिला द्यायचं, बस.

पण आधी धुणं, आणि ते नीट. सिरप म्हणजे बऱ्याचदा साखरेचा घट्ट पाकच असतो, फार्मसीतल्या साध्या सिरपमध्ये वजनाने जवळपास दोन तृतीयांश साखर असते, म्हणून तर झाकण असं चिकटून बसतं की फिरता फिरत नाही. ओढाताण करू नका, झाकणाकडची बाजू कोमट पाण्यात धरून ठेवा, साखर विरघळते आणि झाकण सुटतं. उकळतं पाणी मात्र नको. साध्या काचेला एकदम गरम-थंड सोसत नाही, तडकते, आणि पाण्यासारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या असतात त्या साधारण ७० अंशाच्या पुढे मऊ पडून वाकड्या होतात. झाकणाच्या आत एक पातळ चकती असते ती निघत असेल तर काढून धुवा, औषधाचा वास तिथेच दडून बसतो. मग बाटली उलटी, झाकण वेगळं, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, आत थेंबभर पाणी राहिलं तरी पुढे सुया गंजतात आणि बियांना बुरशी लागते.

लेबल काढायचंच. आळस येतो मान्य आहे, पण त्यावर पेशंटचं नाव असू शकतं, औषधाचं नाव तर असतंच, आणि आत एक आणि बाहेर लिहिलेलं दुसरं हा प्रकार घरात अजिबात नको. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलं की कागद निघतो, मागे जो चिकट थर राहतो त्यावर तेल आणि खायचा सोडा कालवून लावा, अर्ध्या तासाने चोळा, जातो. नेलपॉलिश रिमूव्हर काचेवर चालतं, प्लास्टिकवर नको, त्यातलं अ‍ॅसिटोन काही प्लास्टिक खातं.

बाटलीत औषध उरलं असेल तर ते बेसिनमध्ये ओतू नका, विशेषतः अँटिबायोटिक. ते पाण्यात जातं, आणि तिथल्या जंतूंना त्या औषधाची सवय व्हायला मदत होते. औषध परत घेणारं केंद्र जवळ असेल तर तिथे द्या, नसेल तर माती किंवा वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात मिसळून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. आणि कॅन्सरची किंवा हार्मोनची औषधं ज्यात होती त्या बाटल्या कितीही छान असल्या तरी ठेवूच नका.

आता माझी लाडकी, तपकिरी काचेची बाटली. हा रंग शोभेसाठी नसतो, काच वितळवताना त्यात लोह, गंधक आणि कार्बन असल्यामुळे तो येतो आणि अशी काच अतिनील आणि बराचसा निळा उजेड अडवते. औषधातल्या काही गोष्टी उजेडाने बिघडतात, उदाहरणार्थ बी-२ जीवनसत्त्व, म्हणून ही सगळी सोय. तर हाच गुण झाडांच्या कलमाला फार कामाला येतो! मनी प्लांट किंवा कोलियसची फांदी साध्या पारदर्शक बाटलीत लावली तर थोड्याच दिवसांत पाणी हिरवं होतं, शेवाळ धरतं, कारण शेवाळाला उजेड लागतो. तपकिरी बाटलीत ते खूपच कमी होतं, मुळांनाही अंधार आवडतो, आणि तोंड अरुंद असल्यामुळे फांदी सरळ उभी राहते, आधार द्यावा लागत नाही. एक तरी पेर पाण्याखाली गेलं पाहिजे, मुळं तिथूनच फुटतात, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची आणि आठवड्याला पाणी बदलायचं. फक्त मुळं बोटभर झाली की वेळेवर काढून कुंडीत लावा, जास्त दिवस ठेवलीत तर मुळांचा गुंता त्या अरुंद तोंडातून बाहेर येत नाही, तुटतो, आणि सगळी मेहनत वाया. खिडकीत अशा तीन-चार बाटल्या असल्या आणि सकाळचं ऊन त्यातून आलं की बघत राहावंसं वाटतं, सोनेरी रंगाची गरजच काय?

याच बाटल्या शाईसाठी आणि सुगंधी तेलासाठी पण उत्तम, दोन्ही उजेडाने खराब होतात. आणि अजून एक, भिंतीचा उरलेला रंग. मोठ्या डब्यात तळाशी उरलेला रंग हवा लागून सुकतो आणि नेमका एखादा ओरखडा पडतो तेव्हा डबा उघडावा तर वर साय धरलेली. पाण्यात मिसळणारा रंग असेल तर छोट्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरून ठेवा, आत हवाच कमी राहते, बाहेर खोलीचं नाव आणि शेडचा नंबर लिहा. (थिनरवाला ऑइल पेंट प्लास्टिकच्या बाटलीत नको.)

गोळ्यांच्या पांढऱ्या, जाड प्लास्टिकच्या बाटल्यांचं वेगळंच. त्यांचं मुख्य काम ओलावा बाहेर ठेवणं, म्हणून आत ती सिलिका जेलची पुडी किंवा छोटी नळकांडी असते. बागकाम करणाऱ्यांनो, या बाटल्या सोडू नका. बियाणं टिकतं ते कोरडेपणावर आणि गारव्यावर, हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ठोकताळा आहे की बियांमधला ओलावा १ टक्क्याने कमी केला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. तर बिया सावलीत खडखडीत वाळवायच्या, कागदाच्या छोट्या पुडीत बांधायच्या, पुडीवर नाव आणि साल, आणि बाटली फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार बियांवर दव धरतं. सिलिका जेल पण फार दिवस हवेत उघडं राहिलेलं नको, ते आधीच ओलावा पिऊन बसलेलं असतं, गोळ्या संपल्या की लगेच काढून दुसऱ्या घट्ट डबीत ठेवा.

बाकी सुया, बटणं, टाचण्या, स्क्रू, मेमरी कार्ड, प्रवासातली चिल्लर वगैरे तुम्हाला सुचेलच, त्यावर काय लिहायचं.

एका झाकणाबद्दल मात्र लिहायलाच हवं. दाबून फिरवायचं झाकण, ज्याच्यावर आपण सगळेच वैतागतो, ते १९६७ मध्ये कॅनडातल्या हेन्री ब्रो या मुलांच्या डॉक्टरांच्या प्रयत्नातून पुढे आलं, कारण औषधं गिळून विषबाधा झालेली मुलं त्यांच्याकडे सतत यायची. अशी बाटली मिळाली तर तिला साधं काम देऊ नका. माझ्याकडे त्यात बटण सेल असतात, घड्याळाचे, रिमोटचे, नवे आणि संपलेले दोन्ही, वेगवेगळ्या बाटल्यांत. हा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो, आणि ‘संपलेला’ सेल पण त्याला अपवाद नाही. सेल एकमेकांना टेकू नयेत म्हणून प्रत्येकाला टेप लावून ठेवते. कटरची ब्लेडंही अशाच बाटलीत. तरी बाटली उंचावरच ठेवायची, हे झाकण मुलाला उशीर करतं, पूर्ण थांबवत नाही.

यातच न करायच्या गोष्टी पण सांगते आणि त्या मनापासून सांगते. फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल, कीटकनाशक यातलं काहीही औषधाच्या बाटलीत कधीच भरू नका, लेबल काढलेलं असो नाहीतर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो. रात्री अर्धवट झोपेत हात जातो तो बाटलीच्या आकाराकडे, अक्षरं कोण वाचतंय? दुसरं औषधही त्यात भरू नका, मूळ पॅकवरची तारीख आणि डोस हरवतो.

आणि दिवा करू नका. झाकणाला भोक पाडून वात घालायची ही आयडिया अजूनही फिरते, पण श्रीलंकेत अशाच टाकाऊ बाटल्यांच्या रॉकेलच्या दिव्यांनी कित्येक माणसं, त्यात लहान मुलं, भाजली. बाटली उंच आणि हलकी, धक्का लागला की आडवी, झाकण सैल, आणि तेल पसरतं. विजया गोडकुंबुरा हे तिथले सर्जन, भाजलेल्या पेशंटवर उपचार करता करता त्यांनी दिव्याची बाटलीच नवी बनवली, बुटकी, जड, दोन बाजूंनी सपाट म्हणजे पडली तरी घरंगळत नाही, आणि घट्ट फिरकीचं धातूचं झाकण. १९९८ मध्ये त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. हे वाचल्यापासून औषधाच्या बाटलीतला दिवा कुठे फोटोत दिसला तरी मला बघवत नाही.

आता गंमतीचा भाग, मुलांसाठी. ड्रॉपर फेकू नका! मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरा, काचेच्या ड्रॉपरमध्ये एवढंच पाणी ओढून घ्या की तो जेमतेम तरंगेल, आत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दाबा. ड्रॉपर खाली जातो, सोडली की वर येतो. दाबल्यावर ड्रॉपरमधली हवा आकसते, थोडं पाणी आत शिरतं, तो जड होतो आणि बुडतो, नीट बघितलं तर ते पाणी आत चढताना दिसतं पण. पाणबुडी समजावायला याच्याइतकं सोपं काही मला तरी माहीत नाही.

पांढऱ्या अपारदर्शक बाटल्यांच्या जोड्या करा, दोघींत वाळू, दोघींत खडे, दोघींत मणी, झाकण गोंदाने पक्कं बंद करा आणि मुलांना नुसत्या आवाजावरून जोडी लावू द्या. मॉन्टेसरी शाळांत लाकडी नळकांड्यांचं हेच साधन असतं, आवाजाच्या सहा जोड्या.

आणि एकाच मापाच्या काचेच्या सिरपच्या बाटल्या पाच-सहा जमल्या असतील तर त्यात कमी-जास्त पाणी भरून पेन्सिलने हलकेच वाजवून बघा. जिच्यात पाणी जास्त तिचा स्वर खालचा, कारण थरथरणाऱ्या काचेला पाण्याचंही वजन हलवावं लागतं. मग त्याच बाटल्यांच्या तोंडावरून फुंकर मारा, आता नेमकं उलटं होतं! जिच्यात पाणी जास्त तिचा स्वर वरचा, कारण आता थरथरतेय ती हवा, आणि तिला जागाच कमी उरलीय. आधी काहीच सांगू नका, कोणती बाटली कसा आवाज देईल ते मुलांनाच ओळखू द्या, वाजवतानाचं त्यांना लवकर जमतं, फुंकर मारली की मात्र भांडणं सुरू होतात.