क्रोशाचा रंगीत पाऊच आणि त्याची चेन

आपल्याकडच्या घरांतले क्रोशाकाम बराच काळ पांढऱ्या, बारीक सुती दोऱ्याचे होते. रुखवतात मांडायची ताटाभोवतीची महिरप, दारावरचे तोरण, कडेला मणी ओवलेली दुधाच्या पातेल्यावरची जाळी, टीव्हीवर घालायचा रुमाल, हे सारे मिलिमीटरभर जाडीच्या पोलादी सुईने विणलेले असे आणि त्याचे सौंदर्य टाक्यांमध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेत असे. चेनच्या पाऊचला ही मोकळी जागा मुळीच चालत नाही. त्यात पेन, किल्ल्या, चार्जरची वायर, गोळ्यांच्या पट्ट्या आणि सुटी नाणी राहायची असतात. तो मोठ्या पिशवीत कोंबला जातो, दिवसातून अनेकदा ओढून उघडला जातो. म्हणून महिरप उत्तम करणाऱ्या हातालाही पाऊच करताना सवय थोडी बदलावी लागते. भाचीसाठी विणलेला पाच रंगांचा पाऊच नुकताच हातावेगळा झाला आहे, तेव्हा हे काम कसे करावे, आणि विशेषतः चेन कशी बसवावी, हे तपशिलाने लिहून ठेवते.

पाऊचसाठी मी मुका खांबच वापरते, म्हणजे सुईवरचे दोन फास एकाच ओढीत काढून होणारा टाका. उंच साध्या खांबाने काम झपाट्याने वाढते हे खरे, पण दोन खांबांमधल्या फटीतून पेन्सिलीचे टोक आणि किल्लीचा दात बरोबर बाहेर येतो. मुका खांब बुटका आणि दाट असल्यामुळे त्याचे विणकाम जाड कापडासारखे अंगात भरीव राहते. चार पदरी ॲक्रिलिक लोकरीला एरवी ज्या जाडीची सुई आपण घेतो, तिच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई घेतली की हा दाटपणा आणखी वाढतो. सुती दोराही फार चांगला. तो ताणला जात नाही आणि त्याच्यावर बोंडे येत नाहीत. मात्र त्यात रंगांची निवड कमी मिळते आणि विणताना बोटे लवकर दुखतात. पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीत दोन्ही प्रकार हाताळून बघता येतात, आणि दोरा हाताळल्याशिवाय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पडद्यावर दिसणारा रंग आणि उजेडात दिसणारा रंग यांत फरक असतो.

वीस सेंटिमीटरच्या चेनसाठी माझे माप असे आहे. चार मिलिमीटरच्या सुईने माझ्या हाताचे दहा सेंटिमीटरला साधारण अठरा मुके खांब बसतात. सदतीस साखळ्या घालायच्या, सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीपासून पस्तीस मुके खांब करायचे, शेवटच्या साखळीत तीन करायचे आणि तिथून वळून त्याच साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत यायचे. त्या बाजूला चौतीस आणि शेवटी, पहिला मुका खांब केला होता त्याच साखळीत आणखी दोन, असे मिळून चौऱ्याहत्तर टाके होतात. पुढे टाके न वाढवता, न घटवता गोल गोल विणत गेले की तळाला आणि बाजूंना कुठेही शिवण नसलेली पिशवी आपोआप उभी राहते. दोन सपाट तुकडे विणून ते कडेने जोडण्याची पद्धतही आहे, पण ओझे नेमके त्या जोडावर येते, म्हणून मला ती पटत नाही. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी आधी छोटा चौकोन विणून टाके मोजावेत आणि चेनच्या लांबीप्रमाणे साखळ्या वाढवाव्यात. चेन आधी विकत घ्यावी आणि पाऊच तिच्या मापाने विणावा, हा क्रम उलटा करू नये.

आता रंग. भाचीला राणी, चिंतामणी, आंबा, शेवाळी आणि मोतिया हे रंग हवे होते, म्हणजे जवळजवळ एखाद्या साड्यांच्या कपाटाचीच मागणी होती. रंग कितीही सुंदर असले तरी ते शेजारी आल्यावर एकमेकांना खातात किंवा उजळवतात, आणि ते बहुतेक वेळा रंगापेक्षा त्याच्या गडद-फिकेपणावर ठरते. दोऱ्याचे गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले की ही गोष्ट लगेच उमगते: राणी आणि शेवाळी डोळ्यांना अगदी वेगळे वाटतात, पण त्या छायाचित्रात दोन्ही सारखेच करडे दिसले, म्हणून त्यांच्यामध्ये मोतिया रंगाची एक ओळ घातली. पट्ट्यांची रुंदीही मी सारखी ठेवत नाही. तीन ओळींचा राणी, एक ओळ मोतिया, दोन ओळी शेवाळी, पुन्हा एक ओळ आंबा, अशी असमान मांडणी केली की नजर पाऊचवर फिरत राहते. सगळ्यांत गडद रंग तळाला घ्यावा, कारण मळतो तो तळच.

रंग बदलण्याची जागा म्हणजे आधीच्या रंगाच्या शेवटच्या मुक्या खांबाची शेवटची ओढ. सुईवर दोन फास असताना जुना दोरा सोडून नवा दोरा घ्यायचा आणि तो दोन्ही फासांतून काढायचा. मग पुढचा टाका नव्या रंगात स्वच्छ सुरू होतो. टाका पूर्ण करून मग दोरा बदलला तर जुन्या रंगाचा ठिपका नव्या ओळीच्या माथ्यावर राहतो. गोल विणकामात आणखी एक अडचण असते. आपण खरे तर वर्तुळ विणत नसून चढत जाणारा वळसा विणत असतो, त्यामुळे पट्टा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे एका ओळीची पायरी पडते. नव्या रंगाचा पहिला टाका मुक्या खांबाऐवजी नुसता सरकटाका (ओढलेला दोरा तसाच सुईवरच्या फासातून काढून होणारा सपाट टाका) करावा आणि पुढच्या फेरीत त्याच्यावर नेहमीचा मुका खांब करावा; पायरी पूर्ण नाहीशी होत नाही, पण शोधावी लागते इतकी दबते. शिवाय उजव्या हाताने न उलटता गोल विणताना मुके खांब किंचित उजवीकडे झुकत जातात, त्यामुळे रंग बदलण्याची रेघ सरळ न राहता तिरकी चढते. हा टाक्याचा स्वभाव आहे, त्याला दोष समजून उसवत बसू नये.

दोऱ्यांची टोके हा पाऊचमधला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अस्तर लागणार आहे म्हणून टोके नुसती गाठ मारून आत सोडून देण्याचा मोह होतो. ॲक्रिलिक दोरा गुळगुळीत असतो, त्याची गाठ वापराने सुटते आणि मग एक टाका सुटून आजूबाजूची वीणही सैल पडू लागते. टोक बोटभर लांब ठेवावे, बोथट सुईने एका दिशेने सहा-सात टाक्यांखालून न्यावे आणि शेवटचा टाका सोडून उलट दिशेने परत आणावे. ओळीमध्येच दोन रंगांची नक्षी हवी असेल, तर न वापरलेला दोरा टाक्यांच्या पोटातून बरोबर चालवावा लागतो. कोलंबिया आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरच्या ला ग्वाहिरा द्वीपकल्पात राहणाऱ्या वायू समाजाच्या स्त्रिया आपल्या मोचिला नावाच्या खांद्यावरच्या पिशव्या याच प्रकारे विणतात, आणि त्या पिशव्यांवरच्या भौमितिक आकृत्या पाहिल्या की मुक्या खांबासारख्या साध्या टाक्यात किती ताकद आहे याची खात्री पटते.

चेन ही मुळात विणलेल्या लवचिक वस्तूसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेत व्हिटकोम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये तिच्या पूर्वजाचे पेटंट घेतले ते बुटांसाठी. गिडिऑन सुंडबॅक यांनी १९१३ मध्ये तिला आज आपण वापरतो तसे एकमेकांत बसणारे दात दिले. चेनची पट्टी ताणली जात नाही आणि क्रोशाचे तोंड मात्र हातात धरले तरी वाढते, या दोहोंच्या भांडणातूनच पाऊचच्या तोंडाला लाटा येतात. म्हणून शेवटची फेरी मी अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुईने विणते, आणि तिच्यावर सरकटाक्यांची एक फेरी देते, जेणेकरून तोंड चेनच्या लांबीला घट्ट धरून राहील.

चेन नायलॉनची, तीन नंबरची किंवा पाच नंबरची घ्यावी. धातूच्या दातांत लोकरीचे तंतू अडकतात. नायलॉनची चेन लांब असेल तर हव्या त्या ठिकाणी दातांवरून मजबूत दोऱ्याचे सात-आठ वेढे घालून तिथे नवा अडसर करता येतो, आणि त्याच्यापुढे सेंटिमीटरभर पट्टी ठेवून बाकीची कापून टाकता येते. चेन बंद ठेवून पाऊचच्या तोंडाला लावावी आणि दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर खडूच्या खुणा कराव्यात: मध्यावर, टोकांना आणि मधल्या अंतरांवर. त्याच खुणा विणकामात टाके मोजून कराव्यात. मग टाचण्या आधी मध्याला, नंतर टोकांना आणि शेवटी मधल्या जागी लावाव्यात. एका टोकापासून सुरुवात केली की विणकाम नकळत पुढे ढकलले जाते आणि दुसऱ्या टोकाला दोन-तीन टाके उरतात. शिवताना दातांपासून अर्धा सेंटिमीटर अंतर सोडावे, नाहीतर चेन उघडबंद करणारा रनर प्रत्येक वेळी लोकर खातो. शिलाईचा दोरा पट्टीच्या रंगाचा, टाका उलट्या टिपेचा, आणि विणकामात सुई वरच्या दोन्ही फासांच्या खालून गेलेली असावी. एक बाजू पूर्ण झाली की चेन बंद करून रंगांच्या रेघा समोरासमोर येतात का ते पाहावे आणि मगच दुसरी बाजू चेन उघडून शिवावी. शिलाई यंत्रावर हे काम लवकर होते, पण यंत्राचा पाय विणकाम ताणत पुढे नेतो, त्यामुळे हातशिलाई सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

अस्तराला मी खणाच्या कापडाचा उरलेला तुकडा वापरला. चोळी शिवल्यावर उरणाऱ्या अशा तुकड्यांना घरात सहसा काही काम नसते, आणि खण दाट विणीचा असल्यामुळे पेनाचे टोक त्यातून सहज जात नाही. अस्तर पाऊचपेक्षा चार-पाच मिलिमीटर लहान शिवावे, म्हणजे आतल्या सामानाचे ओझे कापडावर येते आणि लोकर लोंबत नाही. अस्तराची वरची कड दुमडून ती चेनच्या पट्टीवर आतून बारीक हातशिलाईने बसवली की चेनचे सगळे टाके झाकले जातात. ॲक्रिलिकच्या पाऊचवर इस्त्री मात्र फिरवू नये. उष्णतेने त्याची वीण कायमची लुळी पडते.

हे सारे करायला किती वेळ लागतो, हे विचारणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुयांवरच्या विणकामाचे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्येच तयार केले, पण क्रोशाचा टाका आजही हातानेच घालावा लागतो. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या परिसरात असंख्य स्त्रिया घरी बसून क्रोशाच्या लेस विणतात आणि तो माल परदेशात जातो. प्रदर्शनात किंवा रस्त्यावर क्रोशाचा पाऊच अगदी स्वस्तात मिळाला, तर तो कुणाच्या तरी हाताने टाक्यामागून टाका घालूनच झालेला असतो, आणि स्वस्ताईचा भार त्या हातांवर पडलेला असतो. स्वतः एक पाऊच विणल्यावर तिथे घासाघीस करणे मला जमत नाही, आणि कुणी करू नये असे मनापासून वाटते.

धुताना पाऊच उलटा करून, चेन उघडी ठेवून, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा आणि न पिळता टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवावा. राणी आणि इतर गडद रंगांच्या सुती दोऱ्याचा रंग जातो का, हे विणण्याआधीच ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे, कारण मोतिया ओळीवर एकदा लाली चढली की ती निघत नाही. चेन जड चालू लागली तर दातांवर मेणबत्तीचे मेण हलके घासून रनर दोन-चारदा मागेपुढे करावा.