बोअरच्या पाण्याला गिऱ्हाईक

४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वहीच्या पानावर ही माशांसाठीची काचेची टाकी अगदी गरीब दिसते. गुणाकार केला की ९ घनफूट होतात, म्हणजे अडीचशे लिटर पाणी, आणि तेवढंच किलोंत वजन. त्यात १० मिलिमीटरची काच, तळाची रेती, लोखंडी स्टँड. बेरीज साडेतीन क्विंटलांवर जाते. एवढा कापूस घरात असता तर निदान भाव वाढायची वाट तरी पाहता आली असती.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीवर बसलेलं. ही माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात अशी भेगाळते की हात आत जावा. भिंतीला चीर गेली तर आपण तिच्यावर कॅलेंडर लावतो. काचेच्या टाकीला ती सोय नाही. स्टँडचा एक पाय दोन सूत खचला की सगळा ताण काचेवर आणि सिलिकॉनच्या जोडावर येतो, आणि मग एखाद्या रात्री अडीचशे लिटर पाणी बैठकीत. म्हणून मोठ्या टाकीचा बेत माशांपासून नाही, फरशीपासून सुरू होतो. गवंड्याची लेव्हलची नळी मागून आणली आणि बैठक तपासली. जुन्या जोत्याकडचा कोपरा सरळ निघाला. काचेखाली थर्माकोलचा पत्रा घातला की बारीकसारीक उंचसखलपणा तो पोटात घेतो.

मग पाणी. खारपाणपट्ट्यातल्या घरात दोन पाणी असतात. एक वान धरणाचं नळाचं गोडं पाणी, जे येईल तेव्हा येतं. दुसरं बोअरचं, जे केव्हाही येतं पण कोणाच्या कामाचं नसतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हरभऱ्याला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे कडक आणि निकामी होते. गावात आरओचे कॅन टाकणाऱ्या पोराकडे टीडीएस मीटर आहे, लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारं. त्याने ते आमच्या बोअरच्या पाण्यात बुडवलं तर आकडा २,००० च्या थोडा पुढे. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० ही शेवटची हद्द. पोरगं हसलं आणि मीटर पुसून खिशात घातलं.

नळाच्या पाण्याचा विचार मनात आला नाही असं नाही. पण शेजारचे काकाजी ओसरीवरूनच म्हणाले, "अबे, मानसाले प्याले पानी भेटत नाही अन् तू मासोयांसाठी हौद बांधून राह्यला?" यावर काय बोलणार? टाकी भरायची तर बोअरच्याच पाण्याने, हे तिथेच ठरलं.

डोक्यात होते गोल्डफिश. चांगले गोलमटोल, झिरमिळ्या शेपटीचे, ओरांडा जातीचे. हा मासा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा नातलग. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वीपासून पाळला गेलेला. घराण्याचा गुण असा की खातो खूप आणि घाणही तेवढीच करतो. त्याला जठर नसतं, त्यामुळे आत-बाहेर चालूच. म्हणून पहिल्या गोल्डफिशला सत्तर-ऐंशी लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला चाळीसेक लिटर पाणी धरतात. माझ्या टाकीत चार-पाच नीट राहिले असते. जत्रेत काचेच्या गोल वाडग्यात एकेक विकतात ना, तो प्रकार बंद व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आपण त्याला शोभा म्हणतो, मासा आपल्याच लघवीत गुदमरत असतो.

बोअरचा खारेपणा गोल्डफिशने सोसला असता. लिटरमागे दोन ग्रॅम क्षार त्याला फार नाहीत. गाडं अडतं ते उन्हाळ्यात. त्याला विशीतलं थंड पाणी आवडतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ अंश. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. आणि मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो. त्यात पुन्हा माशांच्या घाणीतला अमोनिया. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. आमच्या बोअरच्या पाण्यात दोन्ही गुण एकाच वेळी हजर.

टाकीतला अमोनिया जिवाणू पचवतात. त्याचं आधी नायट्राइट होतं, मग नायट्रेट. शेतकऱ्याला हे नवीन नाही, टाकलेला युरिया जमिनीत याच वाटेने पिकापर्यंत जातो. फक्त नव्या टाकीत ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासे आणायचे नाहीत. टाकीतलं काढलेलं पाणी झाडांना घालावं असं सगळे सांगतात. ते गोड्या पाण्याचं गणित. आमच्या कढीपत्त्याला ते पाजलं तर आईच मला टाकीत बुडवेल.

मग मॉलीकडे वळलो. अंडी न घालता थेट पिल्लं देणारा हा मासा मूळचा मेक्सिकोच्या बाजूचा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या खाड्यांतही तो राहतो, आणि हळूहळू सवय केली तर समुद्राच्या पाण्यातही जगतो. जड, अल्कधर्मी पाणी त्याला सोसावं लागत नाही, ते त्याला हवंच असतं. शहरातले लोक मॉलीसाठी पाण्यात मुद्दाम मीठ घालतात. जे पाणी हरभऱ्याला नको, साबणाला नको, त्याला अखेर गिऱ्हाईक सापडलं.

उन्हाळ्याचा उपाय घरातच आहे. पाण्यावर आडवा पंखा सोडला की बाष्पीभवनाने टाकी काही अंश उतरते. आमच्या कोरड्या हवेत कूलर चालतो तो याच जोरावर. फक्त वाफ जाते आणि मीठ मागे राहतं. कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर सगळ्यांनी खरवडला आहे. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घातली तर खारेपणा चढत जाईल. आठवड्याला पाव टाकी बदलायची ती बोअरच्या पाण्याने, उडालेली भर मात्र गोड्या पाण्याने. म्हणजे काकाजींच्या प्रश्नातली एखादी बादली शेवटी उरतेच.

थंडीत उलटं. रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि मॉलीला चोवीस तरी पाहिजे. दोनशे वॅटचा हीटर लावू, पण लाइन गेली की तो बंद. अशा वेळी टाकी मोठी असल्याचा फायदा. अडीचशे लिटर पाणी निवायला वेळ लागतो, वरून गोधडी गुंडाळली की सकाळपर्यंत निभावतं.

पिल्लांचा हिशेब मात्र जुळत नाही. मादी महिन्या-सव्वा महिन्याला वीस-चाळीस पिल्लं देते. नर काढून घेतला तरी उपयोग नाही, ती बीज साठवून पुढचे काही महिने वितच राहते. एका नरामागे तीन माद्या ठेवायच्या आणि सुरुवात आठ माशांवर करायची, असं ठरवलंय. नाल्यात काही सोडायचं नाही, हेही. आरोग्य खात्याने टाक्यांत सोडलेले गप्पी डासांच्या अळ्या खातात हे काकाजींना माहीत आहे. तेही मॉलीच्याच कुळातले. परवा त्यांनी विचारलं, गुरांच्या हौदात हे मॉली मासे चालतील का. थंडी सोडली तर चालतील म्हटलं, हौदात पाणी आपल्यासारखंच बोअरचं आहे.

काच अकोल्याहून आणायची, स्टँड गावातच करायचा. माप देऊन आलो. वेल्डर म्हणतो पोळा होऊ द्या, सध्या त्याच्याकडे डवऱ्यांची, म्हणजे कोळप्यांची, लाइन लागली आहे.