इपीओ रक्तापलीकडे काय करतं?

डायलिसिसवरच्या पेशंटच्या घरात इपीओचं (एरिथ्रोपोएटिन, किडनीत बनणारं हार्मोन) इंजेक्शन सगळ्यांना माहीत असतं, हिमोग्लोबिन वाढवायला देतात, बास. पण हेच हार्मोन मेंदू वाचवतं असंही कित्येक वर्षं वाचायला मिळतंय, आणि मला हा विषय एवढा आवडतो की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

किडनीला ऑक्सिजन कमी पडला की ती इपीओ सोडते, आणि बोनमॅरोमध्ये (हाडांच्या आतल्या मगजात) ज्या कोवळ्या पेशी एरवी मरून गेल्या असत्या त्या जगतात, त्यांच्याच पुढे तांबड्या पेशी होतात. म्हणजे मुख्य काम मरू न देण्याचं. मग स्ट्रोकमध्ये मरणाऱ्या मेंदूच्या पेशीही वाचतील, असं वाटणं साहजिकच होतं. उंदरांत वाचल्याही, २००२ च्या एका छोट्या ट्रायलमध्ये माणसांतही आशा दिसली. पण २००९ ला जर्मनीतल्या ५२२ पेशंटच्या ट्रायलमध्ये फायदा तर नाहीच, उलट इपीओ दिलेल्यांत १६.४ टक्के मृत्यू आणि न दिलेल्यांत ९ टक्के. मला अजून हे आकडे वाचताना कसंतरी होतं.

त्यात अजून एक घोळ. इपीओचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं ज्याला इपीओ चिकटतं ते प्रोटीन, मेंदूत, हार्टमध्ये, ट्यूमरमध्ये सगळीकडे आहे असं ज्या अँटिबॉडीच्या (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते कुठे आहे हे दाखवणाऱ्या रेणूच्या) जोरावर सांगत होते ती नीट तपासल्यावर २००६ मध्ये कळलं की ती भलत्याच प्रोटीन्सना चिकटते, त्यातलं एक तर हीट शॉक प्रोटीन, जे ताण आला की पेशी बनवतात. म्हणजे त्या अँटिबॉडीने रिसेप्टर दाखवणारे कितीतरी जुने फोटो संशयात आले.

म्हणून सगळं खोटं का? अजिबात नाही. जपानी संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात रिसेप्टर फक्त रक्त बनवणाऱ्या पेशींत आहे, बाकी कुठेच नाही. रिसेप्टर अजिबात नसला तर पिल्लू गर्भातच मरतं, पण हे उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली. मात्र पुढे दुसऱ्या टीमने बघितलं तर ते लठ्ठ झाले आणि त्यांचं इन्सुलिनचं गणित बिघडलं! मला तर ही गोष्ट मेंदूवाल्या बातम्यांपेक्षा जास्त भारी वाटते, कारण इथे कुणी बाहेरून डोस टोचलेला नाही, शरीराचं स्वतःचं इपीओच चरबीवर आणि मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागावर काम करतंय.

आणि पेशंटच्या बाबतीत रक्तापलीकडचा जो परिणाम रोज दिसतो तो म्हणजे बीपी. इंजेक्शन सुरू झाल्यावर बऱ्याच जणांचं बीपी चढतं, हिमोग्लोबिन फार वर नेलं तर गुठळ्या आणि स्ट्रोकचा धोका वाढतो, त्यामुळे घरी बीपीचं मशीन असेल तर रीडिंग लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवाच.